मुलांचे मोबाइल-खेळ आणि न्यायालयाचा दरवाजा

पुण्याहून सोलापूरकडे जाताना यवत मागे पडले आणि चौफुला अजून यायचा असला, की मध्ये भांडगाव लागते. दौंड तालुक्यातले हे गाव. आसपासच्या साऱ्या पट्ट्यात ऊस आणि दूध यांवर घरे चालतात. या घरांत मोबाइल काही चैनीची वस्तू म्हणून आलेला नाही. ऊसबिल खात्यावर जमा झाल्याचा निरोप त्यावर येतो, दुधाचा हिशेब त्यावर येतो, शाळेतला अभ्यासही त्यावरच येतो. विळ्या-कोयत्यासारखे कामाचे हत्यार म्हणून तो घरात शिरला आणि त्याच हत्याराच्या पोटात बसून खेळही आले.

आज मला बोलायचे आहे ते या खेळांविषयी, पण खेळ चांगले की वाईट एवढ्यापुरते नव्हे. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. समजा, एखादे मूल या खेळांच्या पुरते आहारी गेले. त्याची शाळा बुडाली, झोप गेली, घरातला पैसाही गेला. तर खेळ तयार करणाऱ्या कंपनीला न्यायालयात खेचता येते का? आणि खेचले तर पदरात काय पडते?

हा प्रश्न पारावर निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "आईबापांनी लक्ष ठेवायला नको होतं का?" दुसरा म्हणतो, "बंदी घाला, म्हणजे प्रश्नच मिटला." दोघांचेही बोलणे ऐकायला बरे वाटते. पण न्यायालयात गेले म्हणजे तेथे तिसराच प्रश्न निघतो. खेळ करणाऱ्याला त्यातला धोका ठाऊक होता काय, ठाऊक असून त्याने काय केले, मुलाचे जे नुकसान झाले ते त्यामुळेच झाले काय, आणि हे सारे दाखवायला तुमच्याजवळ पुरावा कोणता? सगळे घोडे पेंड खाते ते या शेवटच्या प्रश्नाशी.

प्रथम 'आहारी जाणे' म्हणजे काय ते नीट पाहू. रविवारी दोन तास खेळणारा मुलगा आजारी नसतो, हे आधी लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये आजारांची जी नवी यादी मान्य केली आणि जी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तीत खेळाच्या विकाराला स्वतंत्र जागा दिली आहे. त्याच्या खुणा तीन. खेळावर स्वतःचा ताबा राहत नाही. जेवण, अभ्यास, गणगोत या सगळ्यांच्या आधी खेळ येतो. आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही खेळ सुटत नाही. हे साधारणपणे वर्षभर चालले आणि त्यामुळे जगणे खरोखरच विस्कटले, तर वैद्य त्याला विकार म्हणतात. म्हणजे पोराला चार शिव्या देऊन 'व्यसनी' ठरवण्याचा अधिकार ना बापाला, ना शेजाऱ्याला. ते काम डॉक्टरांचे. आणि पुढे दाव्याची वेळ आलीच, तर न्यायालयही डॉक्टरांचाच कागद मागते.

आता आपल्या महाराष्ट्रात घडलेले एक प्रकरण पाहा. 'पब्जी' नावाचा लढाईचा खेळ २०१८-१९ च्या सुमाराला मुलांच्या तोंडी झाला होता. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईच्या एका ११ वर्षांच्या मुलाने, आपल्या आईच्या मार्फत, मुंबई उच्च न्यायालयात या खेळाविरुद्ध जनहित याचिका दाखल केली. आईच्या मार्फत अशासाठी, की १८ वर्षांखालील व्यक्ती कायद्याच्या भाषेत 'अज्ञान', आणि अज्ञानाला एकट्याने न्यायालयात उभे राहता येत नाही. या खेळाने हिंसा आणि आक्रमकपणा वाढतो, त्यावर बंदी घालावी, असे त्याचे मागणे होते. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला सांगितले, की हा खेळ तपासा आणि आक्षेपार्ह काही आढळले तर योग्य ती कारवाई करा.

येथे थोडे थांबून एक भेद ध्यानात घेऊ या. याचिका वेगळी आणि नुकसानभरपाईचा दावा वेगळा. जनहित याचिकेत आपण सरकारला म्हणतो, "तुझं काम कर." दाव्यात आपण नुकसान करणाऱ्याला म्हणतो, "माझं नुकसान भरून दे." मुंबईच्या त्या मुलाने मागितले ते पहिले. दिल्ली उच्च न्यायालयातही २०२१ मध्ये एका संस्थेने अशीच मागणी केली. मुलांना या नादापासून वाचवण्यासाठी सरकारने धोरण आखावे, असे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने त्या निवेदनाचा विचार करण्यास केंद्राला सांगितले. दोन्हीकडे चेंडू सरकारच्या अंगणात गेला. कोणा एका मुलाच्या बुडालेल्या वर्षाचा हिशेब त्यात झाला नाही, कारण तो कोणी मागितलेलाच नव्हता.

पुढे पब्जीवर बंदी आली, हे आपणांस आठवत असेल. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप बंद केले, त्यांत पब्जी होता. पण कारण काय दिले? देशाचे सार्वभौमत्व आणि सुरक्षा. मुलांच्या झोपेचा आणि अभ्यासाचा त्या आदेशाशी संबंध नव्हता. म्हणून २०२१ मध्ये त्याच घराण्यातला खेळ नव्या नावाने परत आला, २०२२ मध्ये पुन्हा थांबला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. रोग एक आणि औषध दुसऱ्याच रोगाचे, असे झाले म्हणजे रोगी बरा होईल कसा?

परदेशात मात्र दाव्याची वाट काहींनी धरली आहे. कॅनडातील क्युबेक प्रांतात काही पालक 'फोर्टनाइट' या खेळाच्या कंपनीविरुद्ध न्यायालयात गेले. आमची मुले या खेळाच्या इतकी आहारी गेली की त्यांचे खाणेपिणे, झोपणे बिघडले, असे त्यांचे म्हणणे. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने हा दावा सर्व बाधित मुलांच्या वतीने सामूहिकरीत्या चालवण्यास परवानगी दिली. परवानगी म्हणजे निकाल नव्हे, हे विसरू नका. पण न्यायाधीशांनी मांडलेला विचार आपल्या कामाचा आहे. कंपनीने मुद्दाम व्यसन लावण्यासाठीच खेळ रचला असे आज खात्रीने म्हणता येत नसले, तरी खेळाने प्रत्यक्षात व्यसन लागत असेल आणि कर्त्याला ते ठाऊक असायला हवे होते, ही शक्यता उरतेच, असे त्यांनी म्हटले. तंबाखूचे दुष्परिणामसुद्धा एका रात्रीत मान्य झाले नव्हते, याची त्यांनी आठवण दिली.

आता त्याच कंपनीचे दुसरे प्रकरण पाहा. अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तिने डिसेंबर २०२२ मध्ये एकूण ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यांतले साडेसत्तावीस कोटी मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केल्याच्या आरोपावरून दंडाचे, आणि साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी. बटणांची मांडणीच अशी होती, की नकळत बोट लागले तरी खरेदी होऊन जाई, आणि मुले आईबापांना न विचारता खरेदी करू शकत, असा आयोगाचा आरोप होता.

ही दोन्ही प्रकरणे शेजारी शेजारी ठेवा म्हणजे मर्म कळते. पैशाचे प्रकरण आकड्यांनिशी मिटले, व्यसनाचे प्रकरण मात्र सुनावणीच्या उंबरठ्यावर यायलाच वर्षे लागली. असे का? पैशाचा माग राहतो. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती रुपये गेले, हे बँकेच्या वहीत असते. गेलेल्या झोपेची वही कोणी ठेवत नाही. शिवाय कंपनीचा वकील उभा राहून विचारणारच, की मुलगा आधीपासूनच उदास नव्हता कशावरून? घरात भांडणे नव्हती का? शाळेचा कंटाळा आधीचाच नव्हता का? त्याच्या या प्रश्नांना कागदानेच उत्तर द्यावे लागते.

आता हे सारे भांडगावात आणून पाहू. समजा, एका शेतकऱ्याचा चौदा वर्षांचा मुलगा वडिलांच्या मोबाइलवर खेळतो. मोबाइल वडिलांचा, सिमकार्ड वडिलांच्या नावाचे, आणि ऊसबिलाचे खाते त्याच मोबाइलला जोडलेले. खेळात बंदूक हवी, पोशाख हवा, म्हणून मुलाने हळूहळू चाळीस हजार रुपये घालवले. अभ्यास बुडाला तो वेगळाच. या बापाने काय करावे?

कायदा त्याच्या बाजूने बराच बोलतो. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याप्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, आणि असा करार मुळातच रद्दबातल, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरीबीबीच्या प्रसिद्ध खटल्यात ठरवून ठेवले आहे. तेव्हा मुलाने 'मला मान्य आहे' या बटणावर बोट ठेवले, याला एरवी फारशी किंमत नाही. पण खाते बापाच्या नावाचे आहे! कंपनी म्हणणार, "आमचा करार बापाशी झाला. मोबाइलमागे कोण बसलं होतं, ते आम्हांला काय ठाऊक?" म्हणून मुलाचा खेळ आणि घराचे पैशाचे खाते एकाच मोबाइलवर असणे, हे कायद्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे भोक आहे. ते आजच बुजवता येते आणि त्याला वकील लागत नाही.

दुसरे हत्यार ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चे. त्यात सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादकाकडून भरपाई मागण्याची तरतूद आहे. वस्तूच्या रचनेतच दोष असणे, किंवा धोक्याची पुरेशी सूचना न देणे, ही त्याची कारणे होऊ शकतात. मूल अज्ञान असेल तर आई, वडील किंवा कायदेशीर पालक त्याच्या वतीने तक्रार करू शकतात. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार चालते, म्हणजे भांडगावकराला पुण्यापलीकडे जावे लागत नाही. घेतलेल्या वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. याखेरीज ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. 'दहाच मिनिटे उरली, आत्ता घ्या' अशी खोटी घाई करणे, नको म्हटले तरी पुन्हा पुन्हा तेच पुढे करणे, अशा तेरा प्रकारांना त्यांत मनाई आहे. खेळणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारा, यांतले चार-सहा प्रकार ते तुम्हांला बोटांवर मोजून दाखवील.

पण याही हत्याराला एक मर्यादा आहे. या कायद्यात ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा. खेळ फुकटचा असला आणि मुलाने एक पैसाही भरला नसला, तर तो ग्राहक कसा, येथेच पहिला वाद उभा राहतो. बहुतेक खेळ फुकट सुरू होतात, त्यामागे व्यापार असतो. त्यांचा कायदेशीर फायदाही असा आयताच कंपनीच्या पदरात पडतो.

"पण नवा कायदा आला ना?" असे कोणी म्हणेल. आला, हे खरे. ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संसदेने मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेने जे खेळ खेळले जातात, ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यांच्या जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशा शिक्षा त्यात आहेत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. या कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले. आपल्या विषयापुरते सांगायचे तर, हा घाव आहे जुगारावर. ज्या खेळात पैसे जिंकायचे नसतात, नुसती रात्र जाते, तो यात बंद होत नाही. आणि गेलेल्या वर्षाची भरपाईही हा कायदा मुलाला देत नाही.

सरसकट निर्बंधाची वाटही काही देशांनी चालून पाहिली. चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम केला, की १८ वर्षांखालील मुलांनी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन खेळावे. दक्षिण कोरियाने २०११ पासून १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत संगणकावरचे ऑनलाइन खेळ बंद केले होते. पण मुले मोबाइलवरच्या खेळांकडे वळली आणि २०२२ च्या आरंभी तो कायदाच निघाला. बांध घातला तरी पाणी वाट काढते, हे पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना मी काय सांगावे?

आता पुराव्याकडे येतो, कारण आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे. पोराचा नाद ध्यानात आला की घरात काय होते? बाप संतापतो, मोबाइल भिंतीवर आपटतो. आई खेळ पुसून टाकते. आजी म्हणते, "बाहेर बोलू नका, उद्या सोयरिकीला अडचण येईल." डॉक्टरांकडे जायचे तर लोक काय म्हणतील, म्हणून कोणी जात नाही. यातली प्रत्येक गोष्ट मायेपोटी किंवा लाजेपोटी होते. तिला दोष देऊन उपयोग नाही. पण दाव्याच्या दृष्टीने पाहाल, तर घरच्याच माणसांनी एका संध्याकाळी सगळा पुरावा जाळलेला असतो. फोडलेला मोबाइल साक्ष देत नाही. उद्या कंपनी उभी राहील तेव्हा तिच्याजवळ मुलाच्या एकेका मिनिटाची नोंद असेल, आणि तुमच्याजवळ मोबाइलचे तुकडे.

म्हणून राग येईल तो येऊ द्या, पण पुढच्या चार गोष्टी करा. पहिली, खेळ पुसण्याआधी त्यातले खाते, खेळलेला वेळ, खरेदीची यादी आणि कंपनीकडून आलेले निरोप यांची चित्रे जतन करा. मोबाइलमधल्या नोंदी न्यायालयात दाखल करताना नव्या साक्ष कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, ते कसे करायचे ते वकिलाला विचारा. दुसरी, बँकेचे खातेपुस्तक भरून घ्या आणि खेळापायी गेलेल्या रकमांवर खूण करा. पैसे परत मागणारा अर्ज कंपनीकडे लेखी करा, तोंडी नको. दाद लागली नाही तर ग्राहकांसाठी १९१५ हा क्रमांक आहे. कोणी लबाडीने पैसे उकळले असतील तर १९३० वर त्याच दिवशी कळवा. तिसरी, मुलाला डॉक्टरांकडे न्या आणि केसपेपर जपून ठेवा. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६ हा सरकारी दूरध्वनी आहे, त्याला पैसे पडत नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर २०१४ पासून अशा विकारांसाठी वेगळा दवाखाना चालतो. तेव्हा ही काही जगावेगळी लाजिरवाणी गोष्ट नाही. चौथी, शाळेतल्या हजेरीची आणि गुणांची नक्कल मागून घ्या. आधी मूल कसे होते आणि नंतर कसे झाले, हे सांगणारा तटस्थ साक्षीदार शाळेच्या दप्तराइतका दुसरा नाही.

एवढे सगळे करून दावा जिंकालच, असे मी सांगणार नाही. पण गंमत अशी, की यातली केसपेपराची आणि शाळेची वाट धरली, म्हणजे दावा चालो न चालो, मूल सुधारायला निम्मी सुरुवात झालेली असते. जो कागद न्यायालयाला लागतो, तोच डॉक्टरांनाही लागतो. खेळ किती वेळ चालतो हे लिहून ठेवायला बसलात, तर मुलासमोर तो आकडा आपोआप येतो. आणि चार थपडांनी जे होत नाही ते कधी कधी एका आकड्याने होते.

गावानेही काही करण्यासारखे आहे. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तेथे २०२२ मध्ये ठरले, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला म्हणजे घरोघर मोबाइल आणि टीव्ही बंद. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी बोलायचे-वाचायचे. हा काही कायदा नव्हे आणि मोडणाऱ्याला तुरुंग नाही. पण त्यात एक शहाणपण आहे. मोबाइल मुलांचाच बंद झाला नाही, बापाचाही झाला. बाप बातम्या पाहत बसला आणि पोराला म्हणाला, "ठेव तो मोबाइल," तर पोर ऐकेल कशाला?

न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे, हे खरे. जगात कोठे कोठे तो ठोठावला जात आहे आणि आज ना उद्या खेळ करणाऱ्यांना आपल्या कारागिरीचा जाब द्यावा लागेल. एके काळी तंबाखूवाल्यांनाही तो द्यावा लागला. पण दावे चालतात वर्षानुवर्षे, आणि चौदाव्या वर्षी आहारी गेलेला मुलगा निकाल लागेपर्यंत वीस-बावीसचा होतो. न्यायालय रुपये परत देऊ शकेल, दंड करू शकेल, कंपनीला रचना बदलायला लावू शकेल. दहावीचे वर्ष परत देण्याचा अधिकार मात्र कोणत्याच न्यायपीठाला नाही. तेव्हा दावा जरूर करा, कागद जरूर जपा, आणि आज संध्याकाळी सात वाजता मुलाशेजारी जाऊन बसा.